मिलच्या मोटरची गती आणि आपली उसाची मोळी



गेल्या हंगामाआधी गटवार बैठका झाल्या, त्या वेळी आम्ही आपणांस एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती. मिलच्या मोटरींची गती सांभाळणारा जुना संच काढून नवा बसवीत आहोत. आता मिल अडखळणार नाही आणि यार्डात कोणाच्या गाडीला रात्र काढावी लागणार नाही, असे ते सांगणे होते. हंगाम संपला. मिल पूर्वीपेक्षा कमी अडखळली, हे लॉगबुकावरून दिसते. पण यार्डातल्या रात्री काही संपल्या नाहीत. हंगामानंतरच्या बैठकीत एका वयस्कर सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, मोटरीला नवं डोकं बसवलं म्हणता, मग मिल अजून हळू का होते? आमचा पैसा गेला कुठं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्या दिवशी आम्हाला देता आले नाही. आम्ही शेतकी पदविकेचे लोक. उसाचा डोळा कळतो, मोटरीचा स्वभाव कळत नव्हता. म्हणून उन्हाळ्यात आम्ही आमच्याच कारखान्याच्या विद्युत विभागात बसलो, आणि एक मोटर दुरुस्तीला भोसरीच्या एम.आय.डी.सी.तील एका वर्कशॉपमध्ये गेली होती, तिथेही दोन दिवस घालवले. आपल्यापैकी पुष्कळांची मुले भोसरी, निगडी, चाकण भागात अशाच मोटरींवर काम करतात. त्यांना हे नवे नाही. पण ऊस पिकवणाऱ्या त्यांच्या वडिलांना ते माहीत व्हावे, यासाठी हा लेख.

चरकाची आठवण

ज्यांनी गुऱ्हाळावर बैलांचा चरक पाहिला आहे त्यांना निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. चरकाला दोन माणसे लागत. एक बैल हाकणारा आणि दुसरा चरकात ऊस घालणारा. घालणाऱ्याने दोन कांड्या जास्त सारल्या की बैल मान खाली घालून रेटत, चाल मंदावे. हाकणारा आवाज देई. घालणारा चांगला असेल तर तो बैलांची चाल बघून हात आखडता घेई. दोघांचे जमले नाही तर बैल थकत आणि चिपाडात रसही राही.

कारखान्याची मिल म्हणजे हाच चरक, फक्त थोर आकाराचा. मीटरभर व्यासाचे लोखंडी रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात. मोटर फिरते मिनिटाला हजाराच्या आसपास, आणि मधल्या गिअरबॉक्समध्ये ती गती उतरवली जाते. गती फार वाढली तर पिळलेला रस निथळायला वेळ मिळत नाही, चिपाड तो परत पिते. गती फार कमी झाली आणि ऊस तेवढाच येत राहिला, तर थर जाड होतो, रोलर घसरतात, मिल चोंदते. म्हणून मिलला एकच ठरावीक गती चालत नाही. येणाऱ्या उसाप्रमाणे ती थोडी वर-खाली करावी लागते आणि करताना झटका बसता कामा नये.

यात आपला पैसा कसा अडकला आहे तेही पाहू. शंभर किलो उसामागे साधारण तीस किलो बगॅस निघते. मिल नीट न चालल्याने बगॅसमधली साखर ०.३ टक्क्यांनी जरी वाढली, तरी टनामागे ९०० ग्रॅम साखर बॉयलरमध्ये जळाली असे समजावे. रोज ५,००० टन गाळप धरले तर ही दिवसाची साडेचार टन साखर झाली. ती सगळीच पोत्यात आली असती असे नाही, पण मोठा भाग आला असता. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली, आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. मिलच्या गतीचा आणि आपल्या बिलाचा संबंध एवढा जवळचा आहे.

विहिरीवरची मोटर आणि मिलची मोटर

विहिरीवर आपण जी मोटर बसवतो ती ए.सी. विजेची. ती चालू केली की मिनिटाला १४४० किंवा २८८० च्या आसपास फेरे घेते. तिला हळू चाल म्हणून सांगण्याची सोय नुसत्या स्टार्टरमध्ये नसते. मिलला अशी मोटर थेट जोडून भागत नाही. पूर्वी वाफेच्या टर्बाइनवर मिल चालत. पुढे पुष्कळ कारखान्यांनी डी.सी. मोटरी बसवल्या, कारण त्यांची गती हातात ठेवता येते.

डी.सी. मोटरीत विजेचे दोन प्रवाह असतात. एक बाहेरच्या स्थिर भागात चुंबक तयार करतो, त्याला फील्ड म्हणतात. दुसरा आतल्या फिरत्या भागात, म्हणजे आर्मेचरमध्ये जातो. मोटरीचा जोर हा या दोहोंचा गुणाकार आहे. चुंबक जितका बळकट आणि आर्मेचरचा प्रवाह जितका जास्त, तितका जोर जास्त. आणखी एक गोष्ट अशी की आर्मेचर फिरू लागले की ते स्वतःच आतून उलटा दाब निर्माण करते. हा उलटा दाब गती आणि चुंबक यांच्या गुणाकाराइतका असतो. बाहेरून दिलेल्या दाबातून तो वजा जाता जे थोडे उरते, तेवढ्यावरच प्रवाह वाहतो. ओझे वाढले की गती थोडी उतरते, उलटा दाब कमी होतो, प्रवाह वाढतो आणि मोटर जास्त जोर लावते. बैलांनी मान खाली घालून रेटावे तसे हे आपोआप होते.

म्हणून गती बदलण्याचे दोन मार्ग निघतात. आर्मेचरला दिलेला दाब कमी-जास्त करावा, हा पहिला. दाब पूर्ण दिल्यावरही आणखी गती हवी असेल तर फील्ड सैल करावे, हा दुसरा. फील्ड सैल केले की गती वाढते, पण त्याच प्रवाहात जोर कमी मिळतो. आणि फील्ड अचानक तुटले तर मोटर भरमसाट वेगाने पळू शकते. त्यासाठी स्वतंत्र संरक्षण ठेवावे लागते.

ही विद्या आपल्या भागाला नवीन नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोडमधून जाणारा पुणे-लोणावळा लोहमार्ग अनेक दशके १५०० व्होल्ट डी.सी. विजेवर चालला. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन याच विजेवर घाट चढली, आणि १९७८ साली सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकलही. जुन्या लोकलने कामाला गेलेल्यांना आठवत असेल, गाडी सुटताना टप्प्याटप्प्याने हिसके बसत. मोटरीपुढे आधी रोधक घालून दाब कमी ठेवत, मग एकेक रोधक काढत. मोटरी आधी एकीमागे एक जोडत, मग समांतर. शेवटी फील्ड सैल करून वेग वाढवत. दर टप्प्याला एक हिसका. रोधकात वीज नुसती उष्णता होऊन वाया जाई ते वेगळेच. आज त्या मार्गावर २५,००० व्होल्टची ए.सी. वीज आहे. पण मिलच्या मोटरीपुढे जो प्रश्न आहे तोच त्या गाडीपुढे होता. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, घाट आणि सपाटी, सगळीकडे एकच हात चालत नाही.

युरियाचे पहिले पोते आणि चौथे पोते

इथे अभियंत्यांनी एक शब्द वापरला, अरेषीय. म्हणजे सरळ रेषेत न जाणारे. आम्ही त्यांना म्हटले, हे तर आमच्या खात्याचेच झाले. एकराला युरियाचे पहिले पोते दिले की ऊस जेवढा उचल खातो, तेवढा चौथ्या पोत्याने खात नाही. पोते तेच, परिणाम वेगळा. कारण पीक कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ते ठरते. मोटरीचेही तसेच आहे.

हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. मोटरीला पूर्ण दाब ४४० व्होल्ट. नेहमीच्या ओझ्याला त्यातले २० व्होल्ट आर्मेचरच्या तारांत खर्च होतात, उलटा दाब ४२० होतो, आणि गती हजार फेऱ्यांची. आता ओझे दुप्पट झाले. कोणी काहीच केले नाही तर तारांत ४० व्होल्ट जातील, उलटा दाब ४०० वर येईल आणि गती साधारण ९५२ होईल. म्हणजे ४८ फेरे उतरली. आता हीच मोटर फील्ड ८० टक्क्यांवर आणून सुमारे १२३५ फेऱ्यांनी चालवली आणि पुन्हा ओझे दुप्पट केले. तोच जोर लावायला आता सव्वापट प्रवाह लागतो आणि गती ७४ फेरे उतरते. ओझ्यातली वाढ तीच, मोटर तीच, पण उतार दीडपटीहून जास्त. फील्ड जसजसे सैल कराल तसतसा हा उतार वाढत जातो.

याखेरीज आणखी तीन गोष्टी सरळ रेषेत जात नाहीत. पहिली लोखंडाची. फील्डचा प्रवाह वाढवत गेले तर चुंबक सुरुवातीला भराभर बळकट होतो, पुढे लोखंडाचे पोट भरते आणि प्रवाह वाढवला तरी चुंबक फारसा वाढत नाही. तहानलेल्या रानात पहिले पाणी जिरते आणि नंतरचे पाटाबाहेर जाते, तसे. दुसरी गोष्ट घर्षणाची. थांबलेली मिल हलवायला जो जोर लागतो तो चालती ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो. तिसरी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. ए.सी. विजेची डी.सी. करून मोटरीला देण्याचे काम थायरिस्टर नावाचे विजेचे झडप करते. मिल भरून चालत असली की प्रवाह अखंड वाहतो. मिल जवळजवळ रिकामी फिरत असली की प्रवाह तुटक तुटक होतो, आणि अशा वेळी संचाच्या सूचनेला मोटर फार मंदपणे दाद देते. नेमका त्याच क्षणी गव्हाणीतून उसाचा ढीग आला तर गती दणकन उतरते.

गतीवर देखरेख

गती सांभाळण्याचा पहिला मोठा उपाय अमेरिकेतील हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ साली काढला. एका मोटरीने जनित्र फिरवायचे, जनित्राचे फील्ड कमी-जास्त करून त्याचा दाब बदलायचा आणि त्या दाबावर दुसरी मोटर चालवायची. पद्धत उत्तम, पण एका कामाला तीन यंत्रे. १९५७ साली थायरिस्टर निघाला आणि ते काम कपाटाएवढ्या संचात होऊ लागले.

या संचात दोन राखणदार असतात. बाहेरचा गती बघतो. मोटरीच्या टोकाला बसवलेले गतिमापक त्याला दर क्षणी गती सांगते. हवी ती आणि आहे ती यात फरक दिसला की तो आतल्या राखणदाराला म्हणतो, एवढा जोर वाढव. आतला फक्त प्रवाह बघतो. तो फार चपळ असतो, आणि त्याला एक सक्त ताकीद दिलेली असते की ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह कोणी मागितला तरी द्यायचा नाही. नाहीतर मोटर जळेल, गिअरचे दात जातील.

जुन्या संचाची खोट अशी होती की फरकाच्या किती पट सुधारणा करायची हे प्रमाण एकदा पेचकसाने लावले की हंगामभर तेच. भरल्या मिलला बरोबर लावले तर रिकाम्या मिलला ते अपुरे पडे. रिकाम्याला जुळवले तर भरल्या मिलची गती झोके खाई. नव्या संचात हे प्रमाण परिस्थितीप्रमाणे बदलते. फील्ड ८० टक्के असेल तर तो सव्वापट प्रवाह मागतो. लोखंडाचे पोट कुठे भरते त्याचा तक्ता त्याच्याकडे असतो. प्रवाह तुटक झाला की तो ओळखतो आणि सूचना जास्त जोराने देतो. प्रवाह आणि गती यांवरून ओझे किती आले याचा अंदाज बांधून, गती फार उतरण्याआधीच जोर वाढवतो. चांगला हाक्या चढ दिसताच बैलांना आधी आवाज देतो, त्यातलाच हा प्रकार. अरेषीय नियंत्रण म्हणतात ते हेच. यंत्राचा स्वभाव जागोजागी बदलतो, तर राखणदारानेही आपला हात तसा बदलावा.

आज नवीन मिलवर बहुतेक ए.सी. मोटरी आणि विजेची वारंवारता बदलणारे संच बसतात, हे खरे आहे. डी.सी. मोटरीचे कार्बन ब्रश झिजतात आणि बगॅसची धूळ आत जाऊन त्रास देते. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उघडलेली मोटर आम्ही पाहिली, तिच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ए.सी. मोटरीसाठी जी नवी पद्धत बसवली गेली, तिचे मूळ सूत्र डी.सी. मोटरीचेच आहे. चुंबकाचा प्रवाह आणि जोराचा प्रवाह मनाने वेगळे करायचे आणि प्रत्येकाला वेगळे सांभाळायचे. आमच्या मोटरी दणकट आहेत म्हणून त्या ठेवून फक्त संच बदलला. हा खर्च वाया गेलेला नाही.

मग मिल हळू का होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवा संच प्रत्येक मिनिटाची गती आणि प्रवाह नोंदवून ठेवतो. आम्ही हंगामातल्या काही दिवसांच्या त्या नोंदी घेतल्या आणि शेजारी आमच्याच शेतकी खात्याचे ऊस आवकेचे रजिस्टर उघडून बसलो. ताडून पाहिले तेव्हा आमची मान खाली गेली.

मिल ज्या वेळी अडखळली होती, त्यातल्या पुष्कळ वेळा एकाच पद्धतीच्या होत्या. मध्यरात्रीनंतर काट्यावर गाड्या कमी आल्या, मिल दोन-तीन तास अर्धी रिकामी फिरली. पहाटे तीन-चार गटांच्या गाड्या एकदम आल्या आणि गव्हाण भरून वाहू लागली. मिलच्या तोंडावरच्या उभ्या पत्र्याच्या चौकटीत उसाची पातळी किती हे बघून संच गती ठरवतो. पातळीतल्या लहान चढउताराकडे तो मुद्दाम दुर्लक्ष करतो, मोठी वाढ दिसली की जोरात धावतो. पण प्रवाहाची मर्यादा आली की तोही थांबतो. त्याने थांबलेच पाहिजे. मग मिल चोंदते, उलटी फिरवून मोकळी करावी लागते, आणि तोवर यार्डात रांग लागते.

तोडणीच्या चिठ्ठ्या कोणी काढल्या होत्या? आम्हीच. तोडणीच्या टोळ्या एकाच शिवारात गोळा करणे आम्हाला देखरेखीला सोपे जाते, म्हणून तसे केले. दोष मोटरीचा नव्हता. मिल चालवणाऱ्या कामगारांचाही नव्हता. त्यांच्याविषयी बैठकीत जे बोलले गेले ते आम्ही ऐकून घेतले आणि गप्प बसलो, याची आम्हाला खंत आहे.

उरलेल्या बऱ्याचशा वेळा मोळीतल्या मालाच्या होत्या. पाचट, न छाटलेली वाढी, चिखलाचे बुडखे, आणि दोनदा गाडी बांधलेला लोखंडी तुकडा. पाचटात रस नाही, पण पिळायला मोटरीला जोर उसाइतकाच लागतो. वर ते शेजारच्या चांगल्या उसाचा रसही शोषून बगॅसमध्ये नेते. ज्या शेतकऱ्याने स्वच्छ ऊस दिला, त्याचाही उतारा त्यात बुडतो, कारण उतारा सगळ्यांचा मिळून निघतो.

येत्या हंगामात काय करावयाचे

आमच्याकडून: चिठ्ठ्या रात्र-दिवसाच्या आवकेचा मेळ बसेल अशा काढू. मध्यरात्री ते पहाटेपर्यंत गव्हाण रिकामी पडणार नाही इतक्या गाड्या लांबच्या आणि जवळच्या गटांतून वाटून ठेवू. गती आणि आवक यांचा एकत्र तक्ता दर आठवड्याला गट ऑफिसच्या फळ्यावर लावू. चूक आमची असेल तर तीही त्यावर दिसेल.

आपल्याकडून: ऊस जमिनीलगत तोडावा, वाढी आणि पाचट रानातच ठेवावे, ते कुजून आपल्याच जमिनीला मिळते. मोळीत दगड, माती, तार, लोखंड जाऊ देऊ नये. चिठ्ठीच्या वेळेआधी तोड करून ऊस वाळत ठेवू नये, तोडलेल्या उसातली साखर दर दिवशी घटते. आणि नंबर लागला की गाडी वेळेवर आणावी. एका गाडीने चार तास उशीर केला तर तेवढी जागा गव्हाणीत रिकामी जाते आणि पुढे ढीग होतो.

चरकाच्या काळात हाकणारा आणि घालणारा समोरासमोर उभे असत, एकमेकांचा हात दिसे. आज हाकणारा कपाटात बसला आहे आणि घालणारे आपण दहा-वीस मैलांवर आहोत. राखणदार आता शहाणा आहे, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. ज्या सभासदाने तो प्रश्न विचारला, त्यांच्या घरी जाऊन आम्ही हेच सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मग यंदा माझी चिठ्ठी रात्रीची काढा. मी आणतो."

रात्रीची चिठ्ठी घेणारे आणखी सभासद आम्हाला हवे आहेत. त्यांनी आपली नावे गट ऑफिसात नोंदवावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी